ओरा व्हाइट हिचकॉक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या वैज्ञानिक चित्रांचा विषय निघाला आणि मी ओराचं नाव घेतलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, तक्त्यांचं तर खूपच, पण तिथे हात आखडता घेणं मला जमत नाही.

ही ओरा कोण? दोन ओळीत सांगा.

जन्म ८ मार्च १७९६, मृत्यू २६ मे १८६३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं अ‍ॅमहर्स्ट हे तिचं गाव. शिक्षिका, चित्रकार, आणि अमेरिकेत विज्ञानासाठी चित्रं काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी एक. फुलं, बुरशी, डोंगर, दगडांचे थर, नामशेष प्राण्यांचे सांगाडे हे सगळं तिने काढलं, आणि त्यातलं बहुतेक कुणाला तरी काहीतरी समजावं म्हणून काढलं.

ती शिकली कुठे? त्या काळात मुलींना कोण शिकवायचं?

वडील जॅरिब व्हाइट, खाऊनपिऊन सुखी शेतकरी, आणि मुलीच्या शिक्षणावर खर्च करायची त्यांची तयारी होती. घरी मास्तर ठेवले, नंतर शाळेत घातलं. भाषा, गणित, खगोल, चित्रकला, सगळ्यात ती पुढे. पण त्याच्या पुढे दारच बंद होतं, कारण अमेरिकेत मुलींना पदवीसाठी घेणारं कॉलेजच नव्हतं, ओबर्लिन कॉलेजने घेतलं ते १८३७ साली, आणि तेव्हा ओरा चाळिशी ओलांडून गेली होती. त्यामुळे तिचं जे काही विज्ञान आहे ते शाळेतून, पुस्तकांतून, आणि शेताबांधावर, रानात फिरून आलेलं आहे.

ती शिक्षिका कधी झाली आणि काय शिकवायची?

१८१३ मध्ये, म्हणजे फक्त सतरा वर्षांची असताना, डीअरफील्ड अकॅडमीत. डीअरफील्ड हे अ‍ॅमहर्स्टपासून जवळच, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातलं जुनं गाव, आणि तिथल्या या शाळेत मुलगे-मुली दोघंही शिकायचे. १८१८ पर्यंत ती तिथे होती. मुलींना निसर्गविज्ञान शिकवायची, आणि चित्रकला, हस्तकला पण. लोक हे वाक्य वाचून पुढे जातात, पण माझ्या मते तिची पुढची सगळी कारकीर्द इथेच ठरली, कारण सकाळी झाडाचे भाग समजावायचे आणि दुपारी कुंचला कसा धरायचा ते दाखवायचं, हे एकाच माणसाने पाच वर्षं केलं की त्याच्या डोक्यात हे दोन विषय वेगळे राहतच नाहीत.

आणि नवरा? एडवर्ड हिचकॉकचं नाव सगळीकडे दिसतं.

एडवर्ड मूळचा डीअरफील्डचाच, जन्म १७९३ चा. १८१६ मध्ये तो त्याच अकॅडमीत मुख्याध्यापक म्हणून आला, म्हणजे ओरा तिथे आधीपासून शिकवत होती आणि हा नंतर आला, हे लक्षात ठेवा कारण बऱ्याच ठिकाणी उलटं वाटेल असं लिहिलेलं असतं. त्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं पण तरुणपणीच आजारपणात डोळे अधू झाले आणि तो नाद सुटला. १८२१ मध्ये दोघांचं लग्न झालं, मग चार वर्षं कॉनवे नावाच्या गावात तो चर्चचा पाद्री होता, आणि १८२५ पासून अ‍ॅमहर्स्ट कॉलेजमध्ये प्राध्यापक. रसायनशास्त्र, वनस्पती, प्राणी, भूगर्भशास्त्र, जवळजवळ सगळं तोच शिकवायचा. १८४५ ते १८५४ कॉलेजचा अध्यक्ष पण होता.

अधू डोळ्यांचा भूगर्भशास्त्रज्ञ आणि बारीक नजर असलेली बायको, ही जोडी कशी चालली असेल याचा अंदाज येतोच.

तिचं सगळ्यात जुनं मोठं काम कुठलं?

फुलांचा अल्बम. साधारण १८१७ ते १८२१ या काळात तिने आजूबाजूची रानफुलं आणि गवतं जलरंगात काढली, चौसष्ट पानांत सुमारे १७५ वनस्पती. अल्बमला लॅटिन नाव दिलंय, ‘हर्बेरियम पार्वम पिक्टम’, म्हणजे छोटा चित्रमय वनस्पतिसंग्रह.

कारण अगदी व्यवहारी आहे. वनस्पती वाळवून कागदावर चिकटवल्या की त्यांचा आकार टिकतो पण रंग जातो, पाकळ्या तपकिरी होतात. चित्रात रंग टिकतो. एडवर्ड तेव्हा खोऱ्यातल्या वनस्पती गोळा करत होता आणि ओरा त्या ताज्या असतानाच रंगवत होती. फुलं अगदी नाजूक, देठाचं वळण, पानाच्या शिरा, कुठे कुठे मूळ सुद्धा, पण पार्श्वभूमीला काही नाही, फुलदाणी नाही, फुलपाखरू नाही. त्या काळच्या चांगल्या घरातल्या मुली फुलं रंगवायच्याच, तो एक संस्कार मानला जायचा, पण त्या शोभेची फुलं काढायच्या आणि ही गवत काढतेय! गवताला कोण रंगवतं, ज्याला ते ओळखायचंय तोच ना.

बुरशीची चित्रं पण तिचीच का?

हो. लग्नाच्याच वर्षी, १८२१ मध्ये, तिने बुरशी, अळंबी आणि दगडफुलासारख्या गोष्टींचा एक वेगळा अल्बम केला, ‘फंगाय सिलेक्टी पिक्टी’. तो आता स्मिथ कॉलेजकडे आहे. अळंबी तर दोन दिवसांत सडते, त्यामुळे तिथे चित्राशिवाय पर्यायच नव्हता. फुलांच्या अल्बमवर लोक फिदा होतात, मला मात्र हा जास्त आवडतो, कारण इथे देखणेपणाची आयती मदत नाही आणि तरी पानं उलटत राहावंसं वाटतं.

वर्गातले मोठे तक्ते म्हणतात ते नेमकं काय प्रकरण आहे?

हा खरा खजिना. १८२८ पासून पुढे १८४० च्या दशकापर्यंत ओराने एडवर्डच्या लेक्चर्ससाठी कापडावर मोठमोठे तक्ते काढले. पांढरं सुती कापड, त्यावर पेन आणि काळ्या शाईने रेषा, वर रंगाचा पातळ हात, आणि कडेने विणलेली पट्टी शिवलेली, म्हणजे कापड उसवू नये आणि भिंतीला टांगता यावं. काही तर लांबीला बारा फुटांच्या वर आहेत. साठेक तक्ते आजही अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या आर्काइव्हमध्ये आहेत.

आता हे का लागले ते बघा. एडवर्डला वर्गात शिकवायचंय की फार पूर्वी मेगाथेरियम नावाचा राक्षसी स्लॉथ होता, म्हणजे आज झाडाला लटकणाऱ्या त्या सुस्त प्राण्याचा अवाढव्य भाऊबंद. सांगाडा कॉलेजकडे नाही. पुस्तकात चित्र आहे पण पुस्तक युरोपातून आलेलं, महाग, आणि चित्र तळहाताएवढं. वर्ग भरून मुलं बसलीत. पडद्यावर चित्र टाकायची आजच्यासारखी सोय नाही. मग ओरा ती आकृती घेऊन कापडावर वाढवते, अशी की शेवटच्या बाकावरच्याला सुद्धा बरगड्या मोजता याव्यात. मास्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा सांगाडा असाच, समुद्रातले प्राचीन सरपटणारे प्राणी असेच.

आणि एक तर अजब आहे, एक अवाढव्य ऑक्टोपस जहाजाला विळखा घालतोय, भुजा शिडांच्या काठ्यांवर चढल्यात. हे मूळ चित्र फ्रेंच निसर्गअभ्यासक डेनिस द मोंफोर याचं, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. असला ऑक्टोपस नसतो हे आपल्याला माहितीये, पण वर्गात ते उलगडल्यावर झोपलेला मुलगा जागा झाला असेल एवढं नक्की!

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे भूस्तरांचे तक्ते. जमीन उभी कापली तर आत कुठला खडक कुठल्या खडकावर बसलाय, कुठे थर तिरका झालाय, कुठे खालून तप्त रस घुसलाय, हे दाखवायला तिने सरळ रंगांचे पट्टे वापरलेत. गुलाबी, पिवळा, निळसर, विटकरी, एकाला लागून एक, काही पट्टे सरळ, काही वळलेले, आणि बाजूला जाड अक्षरात नावं. सावली नाही, खोली नाही, नुसता सपाट रंग. आज कुणी नुसतं बघितलं तर विसाव्या शतकातलं अमूर्त चित्र म्हणेल. तिने ते अमूर्त म्हणून काढलं नव्हतं, पण लांबून कळायला काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हे तिने इतक्या नेमकेपणाने ठरवलंय की चित्र आपोआप तसं झालंय. फळ्यावर आकृती काढून शिकवलेल्या कुठल्याही मास्तरांना किंवा बाईंना विचारा, सगळं दाखवायला गेलं की काहीच दिसत नाही.

पण मग ती नुसती कॉपीच ना?

हा प्रश्न दर वेळी येतो. बऱ्याच तक्त्यांचा आधार युरोपियन पुस्तकांतल्या आकृत्या आहेत, क्यूव्हिए, बकलंड वगैरे त्या काळच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांच्या, हे खरं. पण इंचाची आकृती फुटांमध्ये नेताना रेषेची जाडी बदलावी लागते, रंग नव्याने ठरवावे लागतात, अक्षरं कुठे बसवायची ते बघावं लागतं, बारीक रेघोट्या टाकून द्याव्या लागतात. आणि हे करणाऱ्याला आकृतीतलं विज्ञान कळलेलं असावं लागतं, नाहीतर कुठली रेघ महत्त्वाची तेच कळणार नाही. शिवाय तिचं निम्मं काम तर प्रत्यक्ष बघून काढलेलं आहे, फुलं, बुरशी, खोऱ्याचे देखावे, तिथे कॉपी कशाची करणार?

डायनासोरच्या पावलांशी तिचा काय संबंध?

कनेक्टिकट खोऱ्यातल्या लाल वालुकाश्मात तीन बोटांच्या पावलांचे ठसे सापडायचे. १८३५ मध्ये ग्रीनफील्डला फरसबंदीसाठी आणलेल्या लाद्यांवर असे ठसे दिसले, तिथल्या डॉक्टर जेम्स डीनने एडवर्डला कळवलं आणि तिथून एडवर्ड जो त्या नादाला लागला तो मरेपर्यंत. १८३६ मध्ये त्याने पहिला लेख छापला आणि हे ठसे प्रचंड पक्ष्यांचे आहेत असं मांडलं. डायनासोर हा शब्दच १८४२ चा, त्यामुळे पक्षी हाच त्याला सुचलेला सगळ्यात चांगला अंदाज होता, आणि आज पक्षी डायनासोरचेच वंशज मानतात म्हटल्यावर तो अंदाज किती जवळचा होता बघा. या ठशांचा तक्ता ओराने वर्गासाठी काढला, वेगवेगळी पावलं शेजारी शेजारी, म्हणजे तुलना करता यावी. मूळ लाद्या आज अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या बेनेस्की म्युझियममध्ये आहेत.

तिची चित्रं छापून आली का?

भरपूर. १८३० मध्ये मॅसॅच्युसेट्स सरकारने राज्याचं भूगर्भीय सर्वेक्षण एडवर्डकडे दिलं, त्याचा जाडजूड रिपोर्ट १८३३ मध्ये आला आणि शेवटचा रिपोर्ट १८४१ मध्ये. त्यात नदीखोऱ्याचे, डोंगरांचे देखावे ओराचे आहेत. १८३३ च्या चित्रांचे लिथोग्राफ बॉस्टनच्या पेंडलटन यांच्या छापखान्यात झाले. आपल्याकडे जुन्या शिळाछापाच्या पोथ्या असतात ना, तेच तंत्र, दगडावर तेलकट खडूने काढायचं आणि त्यावरून छापायचं. डीअरफील्डजवळचा शुगरलोफ डोंगर आहे त्यात, आणि अ‍ॅमहर्स्टचा पानगळीतला एक देखावा आहे जो हाताने रंगवलेला, कारण त्या भागातल्या शरद ऋतूचे लाल-केशरी रंग काळ्या शाईत दाखवायचे कसे.

गंमत म्हणजे हा सरकारी खनिजांचा रिपोर्ट आहे! तरी डोंगर कसा दिसतो हे लोकांना दाखवायला हवं असं दोघांना वाटलं.

नाव मिळालं का तिला?

छापील चित्रांवर ‘मिसेस हिचकॉक’ असं येतं, म्हणजे आडनाव आहे पण तिचं स्वतःचं नाव नाही. तक्ते तर वर्गातली वापरायची वस्तू, ते टांगायचे आणि गुंडाळून ठेवायचे.

एडवर्डने मात्र लपवलं नाही. १८५१ मध्ये त्याचं धर्म आणि भूगर्भशास्त्र यांच्यावरचं पुस्तक आलं ते त्याने बायकोला अर्पण केलं, आणि अर्पणपत्रिकेत सरळ लिहिलं की तिच्या कष्टांमुळे मला विज्ञानाला वेळ देता आला, आणि विद्यार्थ्यांना हा विषय गोडीचा वाटला तो माझ्या बोलण्यापेक्षा तिच्या कुंचल्यामुळे जास्त. शब्द माझे आहेत पण आशय हाच. १८५१ मधला कॉलेजचा अध्यक्ष छापील पुस्तकात हे म्हणतोय, ही लहान गोष्ट नाही.

तरीपण ‘नवऱ्याला मदत करायची’ असं कुणी लिहिलं की मला पटत नाही. तिच्याशिवाय त्या लेक्चर्सना अर्धे कान आणि शून्य डोळे राहिले असते. आणि ज्या कॉलेजच्या भिंतींवर तिचं काम टांगलं जायचं त्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने मुलींना पदवीसाठी प्रवेश दिला १९७५ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर शंभरहून जास्त वर्षांनी.

घर-संसार? मुलं?

आठ मुलं झाली, सहा मोठी झाली. एडवर्ड ज्युनिअर अ‍ॅमहर्स्टमध्ये शारीरिक शिक्षणाचा नामांकित प्राध्यापक झाला, चार्ल्स हेन्री भूगर्भशास्त्रज्ञ झाला आणि न्यू हॅम्पशायरचं सर्वेक्षण त्याने केलं. म्हणजे वर जे काय सगळं सांगितलं ते लहान मुलं अंगाखांद्यावर असताना, आणि सतत स्वतःच्या तब्येतीची काळजी करणारा नवरा सांभाळून. तिच्या १८४७ आणि १८५० च्या प्रवासाच्या डायऱ्या पण उपलब्ध आहेत. दुसरी युरोपची आहे, एडवर्डला सरकारने तिकडच्या शेतकी शाळा बघायला पाठवलं तेव्हाची.

ती धार्मिक होती म्हणतात, मग पृथ्वी लाखो वर्षं जुनी हे कसं पटलं?

खूप धार्मिक होती, एडवर्डला कडव्या श्रद्धेकडे वळवण्यात तिचाच हात होता असं मानतात. पण त्या दोघांना दगड वाचणं हे देवाची योजना वाचण्यासारखंच वाटायचं. बायबलमधली सृष्टीची गोष्ट आणि खडकांचं प्रचंड वय यांचा मेळ घालण्यात एडवर्डचं आयुष्य गेलं. आपल्याला ते पटो न पटो, तिचे तक्ते बघताना ही श्रद्धा ध्यानात ठेवावी लागते, नाहीतर इतकी निष्ठा कुठून आली ते कळत नाही.

तिने डीअरफील्डनंतर शिकवणं सोडलं का?

पगारी नोकरी सोडली. पण मेरी लायनचं उदाहरण घ्या, जिने १८३७ मध्ये माउंट होल्योक फीमेल सेमिनरी काढली, मुलींच्या उच्चशिक्षणातलं मोठं नाव. ती तरुणपणी हिचकॉकांच्या घरी राहिली, एडवर्डकडे विज्ञान शिकली आणि ओराकडे चित्रकला. पुढे संस्थेची आखणी चालू असताना पण ती त्यांच्याच घरी मुक्कामाला होती. मेरी लायनच्या शाळेत विज्ञानाला एवढं महत्त्व का होतं याचा विचार करताना हे घर विसरून चालणार नाही.

एमिली डिकिन्सन तिला ओळखायची का?

एमिली म्हणजे प्रसिद्ध अमेरिकन कवयित्री. दोघी एकाच गावच्या, आणि गाव लहान. एमिलीने एका पत्रात लिहिलंय की लहानपणी हिवाळ्यात फुलं मेली की ती डॉ. हिचकॉकांचं फुलांवरचं पुस्तक वाचायची आणि तेवढाच आधार वाटायचा. शिवाय ती माउंट होल्योकलाही शिकली. कवितांमध्ये ज्वालामुखी आणि वनस्पतींची नावं इतकी सहज येतात त्यामागे या गावातलं वातावरण आहेच.

आपल्याकडचा काही संबंध?

थेट नाही. पण ओरापेक्षा एका वर्षाने मोठी, न्यू इंग्लंडमध्येच, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेतल्या भागात, वाढलेली, त्याच पंथाची एक शिक्षिका म्हणजे सिंथिया फरार, जन्म १७९५. ती १८२७ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी बघितलेली मिस फरारबाईंची शाळा ती हीच. एकाच पिढीतल्या, एकाच मुलखातल्या दोन बाया, दोघींनी आयुष्य शिकवण्यात घातलं. फरारबाईंचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, ओराचं नसतं, म्हणून सांगितलं.

मग इतकी वर्षं ती कुठे होती?

आर्काइव्हमध्ये. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या मीड आर्ट म्युझियमने २०११ मध्ये तिच्यावर मोठं प्रदर्शन केलं, मग २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने. दुसऱ्या प्रदर्शनानंतर तिचे तक्ते ऑनलाइन फिरायला लागले. तोवर विज्ञानाच्या इतिहासात ती एडवर्डची बायको होती आणि कलेच्या इतिहासात नव्हतीच, कारण कलावाल्यांना ते विज्ञानाचं वाटायचं आणि विज्ञानवाल्यांना ती सजावट वाटायची.

आम्हाला बघायचंय, सुरुवात कुठून करू?

अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या डिजिटल कलेक्शनमध्ये तक्ते आहेत, मोठे करून बघता येतात. आधी भूस्तरांचे बघा, मग ऑक्टोपस, मग पावलं. मोबाइलवर बघू नका, शक्य असेल तर मोठ्या स्क्रीनवर लावा आणि खुर्ची मागे सरकवून बघा, कारण ते लांबून बघायलाच काढलेत. मग झूम करून कापडाचं विणकाम आणि शाईच्या रेषा बघा. शाळेत शिकवत असाल तर वर्गात प्रोजेक्टरवर लावा, पोरांना कुठला थर आधीचा ते विचारा, नावं वाचता आली नाहीत तरी रंगांवरून उत्तर काढतील.